कवळी, मिसरी आणि न्यूमोनिया

गौरी-गणपतीला मुंबई-पुण्याच्या गाड्या गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावर नेसरीत रिकाम्या होऊ लागल्या की घरं माणसांनी भरून जातात. बाहेर पावसाची झड, म्हणून खिडक्या बंद. आत चुलीचा धूर आणि आरतीची दाटी. त्यात नाक ओढत आलेला नातू आजीच्या कुशीत शिरतो. भारतात फ्लूचा जोर वर्षातून दोनदा वाढतो. जानेवारी ते मार्च ही एक वेळ आणि पावसाळा व त्यानंतरचे दिवस ही दुसरी. म्हणजे सण आणि साथ एकाच गाडीने येतात.

म्हातारपणीची शुश्रूषा म्हटली की डोळ्यांपुढे वृद्धाश्रम येतो. नेसरीसारख्या गावात मात्र परिचारिका, आया आणि आहारतज्ज्ञ या तिन्ही नोकऱ्या एकटी सून करते, तीही बिनपगारी. तिला हे काम कुणी शिकवलेलं नसतं.

पहिली गोष्ट बाहेरून येणाऱ्या संसर्गाची. नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोना झाला. त्यातल्या बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते. ज्येष्ठ स्वतः फारसे बाहेर पडत नाहीत, संसर्ग त्यांच्यापर्यंत चालत येतो. स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या वीस रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली, तिथे हिवाळ्यात 13.6 टक्के रुग्ण दगावले. जिथे दिली नाही, तिथे 22.4 टक्के. या आकड्यांवर तज्ज्ञांत वाद आहेत, पण रोख स्पष्ट आहे. आपल्याकडे वृद्धाश्रमातली रोजंदारीवरची मावशी सर्दी झाली म्हणून घरी बसली तर तिचा रोज बुडतो. ती खोकत कामावर येणारच. तिला भरपगारी सुट्टी देणं हाही लसीइतकाच उपाय आहे.

दुसरी गोष्ट तोंडाची. वृद्धांचा न्यूमोनिया दर वेळी बाहेरून येत नाही. झोपेत लाळेबरोबर तोंडातले जंतू श्वासनलिकेत उतरतात. जपानमध्ये अकरा शुश्रूषागृहांत कर्मचाऱ्यांनी रहिवाशांचे दात रोज प्रत्येक जेवणानंतर घासले. दोन वर्षांत त्या गटात 11 टक्के जणांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात 19 टक्के. अमेरिकेत नंतर असाच प्रयोग झाला, तेव्हा पहिल्या वर्षी फरक दिसला, दुसऱ्या वर्षी टिकला नाही. दुसऱ्याचे दात रोज घासायचे तर कंटाळा येणारच!

आपल्याकडे आजी सकाळी मिसरी लावते आणि तोंड स्वच्छ झालं असं घरादाराला वाटतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिने हिरड्या बिघडतात. आजोबांची कवळी रात्रीही तोंडातच असते. पंच्याऐंशीच्या पुढच्या जपानी वृद्धांत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया दुपटीहून अधिक आढळला. ती रात्री काढून, घासून वाटीभर पाण्यात ठेवायला कसला खर्च? पेज भरवताना पाठीमागे उशा लावून ताठ बसवावं, घास गिळेपर्यंत थांबावं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. ठसका म्हणजे उचकी नव्हे, घास चुकीच्या वाटेला लागला त्याची खूण आहे.

आजार ओळखण्यातही गफलत होते. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. काल बरी असलेली आजी आज असंबद्ध बडबडते, जेवण टाकते, उठताना तोल जातो, श्वास भरभर चालतो. घरचे ‘वयच झालं’ म्हणतात आणि दोन दिवस जातात. मग गडहिंग्लज, नाहीतर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायची धावपळ.

न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने बाळांना मोफत मिळू लागली, ते चांगलंच झालं. साठीपुढच्यांसाठी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ना ती आहे, ना फ्लूची. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, त्यामुळे ती लस दरवर्षी घ्यावी लागते आणि खासगी दवाखान्यातला तिचा दर शेतमजुराला परवडत नाही. ग्रामीण रुग्णालयात मुलांच्या लसीकरणाचा वार ठरलेला असतो. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, त्याच वारी ज्येष्ठांची रांग लावता येईल. फ्रीज तोच, नर्स त्याच. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना कवळी आणि पेजेबद्दल सांगायचं काम जोडून त्याचा वेगळा मोबदला द्यावा. अडतंय ते लशीच्या पैशावर आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे सांगणाऱ्या एका शासन निर्णयावर.