आठ बारांत मावत नाही हो!

दिवसभर एक्सेलच्या रकान्यांत जगणाऱ्या तमाम मंडळींना एक फुकटचा सल्ला. घरातला टॅबलेट फक्त सिरियल्स बघायला वापरत असाल, तर या वीकेंडला त्यावर एक गाणं करून बघा. आयपॅड असेल तर 'गॅरेजबँड' नावाचा अख्खा स्टुडिओच हाताशी आहे. मार्च 2011 मध्ये हे ॲप आयपॅडवर आलं, तेव्हा ते विकत घ्यावं लागायचं आणि ट्रॅक मिळायचे जेमतेम आठ. 2017 मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट झालं, आणि आता ट्रॅक 32 पर्यंत टाकता येतात. पुणेकराला आणखी काय हवं?

फक्त एक लक्षात ठेवा. नवीन गाणं उघडलं, की तुमच्या वतीनं ॲपनं चार निर्णय आधीच घेतलेले असतात. मिनिटाला 110 ठोके, दर बारला चार मात्रा, पट्टी सी मेजर आणि गाण्याची लांबी आठ बार. (हा बार म्हणजे तालाचं एक घर. एफसी रोडकडे बघू नका!) हिशेब करा. आठ बार म्हणजे 32 ठोके, म्हणजे साधारण साडेसतरा सेकंद. एवढ्या वेळात आपल्याकडे तंबोरासुद्धा जुळत नाही, राव!

आमच्या टीममधल्या एकीनं मध्यंतरी आजीची एक जुनी बंदिश रेकॉर्ड करायला घेतली. आजी ऐंशीच्या पुढे, बंदिश झपतालात, आणि ती दुसऱ्या कुणाला येत नाही. माइक लावला, लाल बटण दाबलं, मेट्रोनोम सुरू. आजी दोन ओळी गाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा कोण खटखट करतोय? माझ्या समेला थांबतच नाही मेला."

आजी शंभर टक्के बरोबर होत्या. मेट्रोनोम दर चौथ्या मात्रेनंतर नवा बार मोजत होता आणि आजींची सम दहा मात्रांनी येत होती. शिवाय आठ बार संपल्यावर पुढचं काही नोंदलं जाणार नव्हतं, ते वेगळंच. आपण म्हणतो, टेक्नॉलॉजी आजींना झेपत नाही. इथे आजीच टेक्नॉलॉजीला झेपत नव्हत्या.

उपाय सगळे त्याच स्क्रीनवर आहेत, फक्त नजर कुठे टाकायची ते कळायला हवं. वरच्या पट्टीवर मधोमध प्ले आणि रेकॉर्ड. ट्रॅक्स व्ह्यूमध्ये गेलात की डावीकडे उभ्या रांगेत वाद्यांची चित्रं दिसतात. ती रांग उजवीकडे ओढली, की आतून प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी बाहेर येते. मधले रंगीत ठोकळे म्हणजे तुमचं गाणं. निळा ठोकळा माइकवरून आलेला, हिरवा टच वाद्यावर वाजवलेला. दोन बोटांनी ताणलं की ठोकळे मोठे दिसतात.

आता खरी जागा. वर बारांचे आकडे लिहिलेली जी पट्टी आहे, तिच्या उजव्या टोकाला एक अधिकचं चिन्ह असतं. दिसायला अगदी बापुडं, पण सगळा खेळ तिथे आहे. ते दाबा, सेक्शनवर टॅप करा. 'ऑटोमॅटिक' चालू केलंत तर आजी गातील तेवढं गाणं लांबेल. मेट्रोनोम बंद करा, तंबोरा लावा, आणि गाऊ द्या त्यांना निवांत. कानात वायरवालेच इअरफोन घाला, ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो.

आणि ठेका लूपवर फिरवायचा असेल तर? मात्रांचे पर्याय 4/4, 3/4 आणि 6/8 एवढेच. तिथे झपताल शोधत बसू नका, चौथीचं गणित करा. झपतालाची दोन आवर्तनं म्हणजे 20 मात्रा, म्हणजे बरोब्बर पाच बार. सेक्शन पाच बारांचा करा. रूपकाची चार आवर्तनं 28 मात्रांची, म्हणजे सात बार. तीनतालवाल्यांची चैन आहे, आठ बारांत दोन आवर्तनं आयती बसतात. सवाईच्या मांडवात मांडीवर बोटं मोजणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही.

राहिली पट्टी. आजी काळी चारमध्ये गातात. सेटिंग्जमध्ये काळी चार सापडणार नाही, ती तिथे ए फ्लॅट या नावानं राहते. ती निवडा, म्हणजे ॲपमधल्या कॉर्ड्स आणि लूप्स आजींच्या पट्टीत येतील. पण हे रेकॉर्डिंगच्या आधी करा, नंतर नाही.

यात नवीन काही नाही. पेटीसुद्धा परदेशातूनच आली होती, दुसऱ्यांच्या सुरांसाठी बनलेली. आकाशवाणीनं 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. तोवर आपल्या लोकांनी तिला घरातलं करून टाकलं होतं. पुढे आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन यांच्या हातात ती गायला लागली. आणि सी, डी, ई पाठ करण्याऐवजी आपण म्हणालो पांढरी एक, पांढरी दोन, काळी चार! यंत्र त्यांचं, मोजणी आपली.

टॅबलेटशीही तसंच वागायचं. तो आठ बार म्हणाला म्हणून आपण आपली बंदिश चार मात्रांत कोंबायची नाही. घरात कुणी गाणारं असेल, आई, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही, तर या शनिवारी त्यांच्यासमोर बसा. आधी सेटिंग्ज, मग अधिकचं चिन्ह, आणि लाल बटण सगळ्यात शेवटी. मेलबॉक्स सोमवारपर्यंत थांबेल. ऐंशीच्या पुढच्या आवाजाला थांबवून ठेवू नका.