सातासमुद्रांपलीकडचा रुपया

दानासारखे पुण्य नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. पण घेणाऱ्याच्या ओसरीवरून ते दान कसे दिसते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही एटापल्लीकर या बाबतीत थोडेफार अधिकारी आहोत. आमच्या शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले, तेव्हा ना धड रस्ता होता, ना वीज. 1975 साली दवाखान्याची छोटी इमारत उभी राहिली, ती स्वित्झर्लंडच्या ‘स्विसएड’ संस्थेच्या मदतीने.

कोठल्या स्विस गृहस्थाने कोठल्या माडिया रुग्णासाठी खिशात हात घालावा! यात मोठेपणा आहेच. पण वाचकहो, या व्यवहारातला क्रम पाहा. माणसे आधी आली, पैसा मागून आला. आणि पैसा खर्ची पडल्यावरही माणसे राहिली.

जगाचा रिवाज वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रसंघ दरवर्षी आपत्तिग्रस्तांसाठी झोळी पुढे करतो. त्या झोळीत घालण्याची सक्ती कोणावरही नाही. आणि घालणारा बहुधा सांगूनच घालतो, की हे अमक्या देशासाठी, तमक्याच कामासाठी. ज्या आपत्तीची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत नाहीत, तिच्या वाट्याला चतकोर. तेवढ्यासाठी 2006 पासून एक मध्यवर्ती आपत्कालीन निधी चालतो. उपेक्षित संकटांना त्यातून वेगळा हिस्सा मिळतो. 2025 सालासाठी राष्ट्रसंघाने सुमारे 4,700 कोटी डॉलर मागितले होते. मोठ्या दात्यांनी हात आखडला, तेव्हा जूनमध्ये ही मागणी 2,900 कोटींवर आणावी लागली. भुकेली माणसे काही कमी झाली नव्हती. यादी तेवढी आखूड झाली.

आपल्याकडे परदेशी देणग्यांचा पहिला कायदा 1976 चा. 2010 मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि 2020 मध्ये तो आणखी कडक झाला. आता असा रुपया प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरतो. प्रशासनावर पूर्वी निम्म्यापर्यंत खर्च करता येई, आता जास्तीत जास्त वीस टक्के. शिवाय घेणाऱ्या संस्थेने त्यातून दुसऱ्या संस्थेस देता कामा नये. परक्या पैशावर सरकारची नजर असावी, हे रास्तच. पण रानातल्या लहान संस्थेला शहरातली मोठी संस्था हात देत असे, ती वाट बंद झाली. आणि गंमत अशी, की कायद्याला हिशेब चोख हवा. परंतु हिशेब लिहिण्याचा खर्च त्याच वीस टक्क्यांत बसवायचा!

दाता परदेशी असो वा पुण्याचा, त्याला इमारत आवडते, कारण इमारतीवर पाटी लावता येते. हिशेबनिसाचा पगार, गाडीची दुरुस्ती, पावसाळ्यात वाटा तुटण्यापूर्वी भरून ठेवायची औषधे, यांवर पाटी कोठे लावणार? आणि दवाखाना चालतो तो यांवरच.

तेव्हा या दिवाळीत आपण कोणाला काही देणार असाल, तर आधी एवढेच विचारा : “तुमचे कोणते बिल थकले आहे?” आणि ते भरून टाका. पावती घ्या, पाटी मागू नका.