डुक्कर चालेल, पण सेल्फी पॉइंट नको!

परवा ऑफिसात जेवताना लक्ष्मी रोडचा विषय निघाला. निघाला म्हणजे काय, मीच काढला. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा गाड्यांना बंद ठेवला होता. पुढच्या वर्षांतही ११ डिसेंबरला तो प्रयोग झाला. तेव्हापासून हा रस्ता कायमचाच चालणाऱ्यांना देऊन टाका, असं अधूनमधून कुणीतरी म्हणत असतं. मीही त्यातलाच. तर मी म्हटलं, समजा खरंच तसं झालं, तर तिथे काहीतरी चांगलं उभं करायला हवं. शिल्प वगैरे.

पलीकडे बसणारा आमचा मित्र (डेटावाला आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक प्रश्नात पोल दिसतो) डबा चाटूनपुसून म्हणाला, "सोप्पंय रे. पाच डिझाइन्स ॲपवर टाकायची, पब्लिकचं व्होटिंग घ्यायचं, जिंकेल ते उभं करायचं. फुल लोकशाही!"

माझी पोळी घशात अडकली. तेव्हा नीट भांडता आलं नाही, म्हणून आज शनिवारी सकाळी चहा घेऊन भांडायला बसलोय.

असल्या पोलमध्ये काय जिंकेल हे सांगायला ज्योतिषी नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात शिरा. तलावाकाठी, पुलाशेजारी, एसटी स्टँडसमोर 'आय लव्ह अमुक'ची माणसाएवढी अक्षरं उभी असतात. मधे लाल बदाम. रात्री आत दिवे. महिन्याभरात एखाद्या अक्षराचा दिवा जातो आणि गावाचं नाव अर्धंच पेटतं. बरं, त्या अक्षरांचं त्या जागेशी नातं काय? काही नाही. गावाचं नाव बदललं की झालं, कॉपी-पेस्ट. उद्या 'आय लव्ह लक्ष्मी रोड' उभं राहिलं, तर लोक एकदा येतील, फोटो काढतील आणि त्यानंतर ते ओलांडून चालत राहतील. ज्या रस्त्यावर चार पिढ्यांनी लग्नाचे बस्ते बांधले, त्याच्यावर आपलं प्रेम आहे हे त्यालाच पाटी लावून सांगायचं?

पोलचा दुसरा घोळ म्हणजे लोक शिल्पाला मत देतच नाहीत, चित्राला देतात. कॉम्प्युटरवर काढलेल्या त्या चित्रात आकाश निळंशार असतं, फरशी ओली चकचकीत असते, एक गोरं कुटुंब फुगा घेऊन चाललेलं असतं. त्यात एकही ॲक्टिव्हा नसते. एप्रिलमध्ये दुपारी दोनला तो स्टील पत्रा किती तापेल, पावसाळ्यात पाणी कुठे साचेल, चार वर्षांचं पोर त्यावर चढलं तर काय होईल, यातलं काहीही त्या चित्रात दिसत नाही. आपण साधा मोबाइल घेताना दुकानात जाऊन हातात धरून बघतो राव.

आता एक चांगलं उदाहरण. २००८ साली कंपनीने मला चार महिने ऑस्ट्रेलियात ॲडलेडला पाठवलं होतं. तिथल्या मुख्य बाजारपेठेचा रस्ता, रन्डल मॉल (मराठीत जरा जपूनच लिहावं लागतं), १९७६ पासून गाड्यांना बंद आहे. पहिल्याच शुक्रवारी टीममधल्या एकाने सांगितलं, सहा वाजता बॉल्सपाशी भेटू. मला वाटलं दुकानाचं नाव असेल. जाऊन बघतो तर स्टीलचे दोन प्रचंड चकचकीत गोळे, एकावर एक ठेवलेले. बर्ट फ्लूगलमनचं १९७७ चं शिल्प. उंची चार मीटर. एका बिल्डिंग सोसायटीने, म्हणजे घरकर्जवाल्या संस्थेने, आपल्या शताब्दीनिमित्त करवून घेतलेलं. अधिकृत नाव 'द स्फिअर्स', पण ते कोणी घेत नाही. तिथे पोचलो तेव्हा पंधरावीस माणसं कोणाची तरी वाट बघत उभी होती आणि गोळ्यातल्या आपल्याच वाकड्या प्रतिबिंबात केस नीट करत होती.

थोडं पुढे गेलं की चार डुकरं. खरीखुरी वाटावीत अशी, ब्राँझची, ख‍ऱ्या डुकराएवढी. एक ऐटीत चाललंय, एक जमीन हुंगतंय, एक कचऱ्याच्या डब्यात तोंड घालू बघतंय. मार्गरिट डेरिकोर्ट या शिल्पकार बाईंची ही कल्पना. मॉलचं नूतनीकरण करताना नगरपालिकेने राष्ट्रीय स्पर्धा घेतली, त्यात ती निवडली गेली आणि १९९९ साली डुकरं रस्त्यावर आली. ऐका हं, खरी गंमत पुढे आहे. लोकांना काय विचारलं? डुकरं हवीत की घोडे, हे नाही. नावं विचारली! होराशिओ, ट्रफल्स, ऑगस्टा, ऑलिव्हर ही नावं लोकांमधून स्पर्धा घेऊन ठरली. पोरं पाठीवर बसतात, आज्या टेकतात, हातांनी घासून घासून पाठी उजळल्यात.

'बाजारपेठेत डुकरं हवीत का?' असा पोल घेतला असता तर काय निकाल लागला असता, सांगा बरं?

मित्र लगेच म्हणणार की मग सगळं एक्स्पर्टच्या हातात द्यायचं का. नाही ना! त्याचाही नमुना आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये १९८१ साली रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकाराने पोलादाची एक वाकडी भिंत उभी केली. १२० फूट लांब, १२ फूट उंच. निवड तज्ज्ञांच्या समितीची. तिथल्या सरकारी कचेऱ्यांत रोज कामाला येणाऱ्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं की बाबांनो, तुम्ही इथून कसे जाता, डबा कुठे बसून खाता. चौकाच्या मधोमध भिंत आली आणि त्यांना तिला वळसा घालून जावं लागायला लागलं. बोंबाबोंब झाली. १९८५ साली सुनावणी झाली. त्यात भिंत ठेवा म्हणणारे १२२ आणि काढा म्हणणारे ५८ बोलले, तरी निकाल काढण्याच्या बाजूने लागला. कोर्टकचेऱ्या होऊन मार्च १९८९ मध्ये एका रात्रीत तिचे तुकडे करून नेले. माझ्या मते ती भिंत कला म्हणून थोरच असेल. पण तिथून चालणाऱ्याची अडचण हा कलेचा प्रश्नच नाही असं मानणारी समिती नालायकच म्हणायची.

म्हणजे भांडण लोक विरुद्ध तज्ज्ञ असं नाहीच. कोणाला काय विचारायचं, हे भांडण आहे. आपल्या धंद्यात युजरला कोणी 'डेटाबेस कुठला वापरू?' असं विचारत नाही. तुझं काम कुठे अडतं, ते विचारतो. लोकांना अडचण विचारा, उत्तर शिल्पकाराला शोधू द्या आणि नाव पुन्हा लोकांना ठेवू द्या. तसंही तुम्ही नाही दिलं तरी ते ठेवतातच. मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता. पब्लिकने राजाकडे ढुंकून न बघता घोड्याचं नाव जागेला देऊन टाकलं. १९६५ साली राजा घोड्यासकट हलवला गेला, तरी काळा घोडा तिथेच राहिला! २०१७ मध्ये तिथे पुन्हा काळा घोडा बसवला, तो स्वार नसलेलाच.

बरं, लक्ष्मी रोडची अडचण काय? दोन तर मीच सांगतो.

पहिली, मिरवणूक. अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकातून मानाचे गणपती याच रस्त्याला लागतात आणि अलका टॉकीजच्या चौकापर्यंत ढोलताशा, रथ, माणसांचा समुद्र. बहुतेक वर्षी चोवीस तासांत आटपत नाही. तेव्हा रस्त्याच्या मधोमध काँक्रीटमध्ये रोवलेलं काहीही नको. उचलून नेता यायला हवं, किंवा कडेला हवं, किंवा डोक्यावर पुरेसं उंच. आता कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्यावर कलाकार काय डोंबल करणार? अहो, याच पेठांमध्ये दहा दिवसांसाठी देखावे उभे राहतात आणि अकराव्या दिवशी रस्ता मोकळा होतो. डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकारांनी गणपतीचे देखावे केले आहेत. जागा अरुंद, गर्दी अफाट, मुदत कमी, हे सगळं सांभाळून. टेंडर काढून बाहेरून फायबरचे डॉल्फिन आणणाऱ्यांना हे दिसत नाही, हे आपलं दुर्दैव.

दुसरी अडचण म्हणजे बूड टेकायला जागा नाही. साडीच्या दुकानाबाहेर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे असलेले नवरे हेच सध्या लक्ष्मी रोडवरचं सार्वजनिक शिल्प आहे. आमची आई एकाहत्तर वर्षांची. लग्न झाल्यापासून तिची सगळी खरेदी इथली. गेली दोन वर्षं ती येत नाही. म्हणते, "गुडघे दुखतात, आणि दुकानाच्या पायरीवर बसलं की तिथला पोरगा ताई उठा म्हणतो." फरशी बदला, दिवे बदला, शिल्प आणा, काहीही करा, तिला पाच मिनिटं टेकता येणार नसेल तर तो रस्ता तिच्यासाठी बंदच आहे.

'आधी खड्डे बुजवा, मग कला' म्हणणारेही भेटतात. त्यांचं मला पटतं, फक्त अडचण एवढीच की खड्डेही बुजत नाहीत आणि सेल्फी पॉइंट मात्र होतात. पैसा खर्च होणारच आहे, तर निदान अशा गोष्टीवर होऊ दे की जिला पाठ टेकता येईल. आणि ऑर्डर देतानाच दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढा. नाहीतर तो अर्धाच पेटलेला दिवा आहेच.

सोमवारी हे सगळं मित्राला ऐकवणार आहे. आणि येत्या ११ डिसेंबरला रस्ता बंद झाला तर आईला घेऊन जाणार आहे, सोबत घडीची खुर्ची. ती दमेल तिथे खुर्ची मांडायची, ती उठली की खाली खडूने फुली मारायची. आईला विचारलं तर म्हणाली, "खुर्ची तू उचलणार असशील तर येते. आणि वाटेत तुळशीबाग."