इथेनॉलचा निबंध आणि वीस टक्क्यांचं गणित

दहावीच्या विज्ञानात 'कार्बनी संयुगे' शिकवताना इथेनॉल येतं, आणि मराठीच्या वहीत 'इथेनॉल : हरित इंधन' हा निबंधही येतो. साचा बहुतेक एकच. प्रदूषण घटतं, परकीय चलन वाचतं, अन्नदाता ऊर्जादाता होतो. यातलं काही खोटं नाही. तरी अशा निबंधाला पूर्ण गुण देऊ नयेत, असं माझं मत आहे.

आधी जमेची बाजू. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाने जवळपास 35 टक्के. त्यामुळे इंधन जास्त पूर्ण जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात ई-20 मुळे, म्हणजे 20 टक्के मिश्रणामुळे, हा वायू दुचाकीत 50 टक्के आणि चारचाकीत 30 टक्के घटल्याचं म्हटलंय. शाळा सुटताना फाटकापाशी चालू स्कूटरींची रांग असते, तिथे ही घट मोलाचीच. पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांत ठोस फरक दिसला नाही, आणि ॲसिटाल्डिहाइड उलट वाढतं. हे वाक्य निबंधात कधी दिसतं का?

आता फळ्यावर गणित मांडा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये 21. मग ई-20 च्या लिटरात किती? मुलं 29.8 काढतील, म्हणजे जवळपास 7 टक्के कमी. मायलेज तेवढंच घटेल असं नाही, ते इंजिनाच्या बांधणीवरही ठरतं. ई-10 साठी बनलेल्या आणि ई-20 साठी जुळवलेल्या चारचाकीत त्याच अहवालाने घट 1 ते 2 टक्केच धरली आहे. जुनी गाडी असलेल्या पालकांची कुरकुर मात्र निव्वळ भ्रम नव्हे.

खरा प्रश्न सायलेन्सरच्या अलीकडे, शेतात आहे. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉलला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं, असं तोच अहवाल सांगतो. म्हणजे ई-20 च्या एका लिटरमागे 572 लिटर! शेवटच्या मळीपासून केलं तर हिशेब वेगळा, कारण ती साखर काढून उरलेली असते. मक्यापासून केलं तर आणखी वेगळा, तिथे कोंबडीखाद्याशी स्पर्धा. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. लातूरच्या मुलाला याचा अर्थ समजवावा लागणार नाही.

तेव्हा निबंधाचा विषयच बदलून द्या : 'आमच्या गाडीतलं इथेनॉल कुठून आलं?' कोल्हापूर आणि बीडच्या मुलांची उत्तरं जुळणार नाहीत, नकोच जुळायला. पालकहो, तुम्ही एवढंच करा, महिनाभर टाकी भरल्याचे लिटर आणि मीटरचे किलोमीटर मुलाला वहीत टिपू द्या.