वेलबुट्टी कुणाची?

दोस्तांनो, लोहाऱ्यात परवा संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची फोटोप्रत बघायला मिळाली. पोरं खुळावली. "काय वेलबुट्टी हाय राव! सोन्याचं काम!" पानापानाला किनार. कुणी हात जोडले. मजकूर कुणी वाचला नाही.

अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादांचं. किनारी नि चित्रं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची, त्यांच्या शिष्यांची. भाग २२, प्रत्येकाच्या माथ्यावर एक चित्र.

आता भाग ३ उघडा. मूलभूत हक्क. ह्यातच कलम १७, अस्पृश्यता नष्ट. माथ्यावर कोण? राम, लक्ष्मण, सीता. शंबुकाचं मुंडकं उडवणाऱ्याच्या सावलीला आमचं कलम १७! चित्रकाराच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. त्याला शंबूक आठवलाच नाही, हेच तर दुखणं. पुढं बुद्ध आहे, अशोक आहे. अकबर, शिवाजी, टिपू आहेत. जोतिबा नाही. चोखोबा नाही. मसुदा समितीचा अध्यक्ष सापडतो तो सह्यांत.

हे बोललो तर आपल्यातलाच एक भडकला. म्हणं, नक्षी म्हणजेच बामणी थाट, आपल्या अंकावर पान-फूल नको. हे दुसरं खूळ. नंदलाल १९०९ च्या सुमारास अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. अजिंठ्याची छतं बघितलीत? कमळं, देठ, वळत गेलेल्या वेली. ती भिक्खूंच्या विहारांची छतं. रंगवणाऱ्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. घरची वेल परक्याची समजून उपटून फेकायची, ही कुठली क्रांती? भांडण वेलीशी नाहीच. वेलीच्या आत कुणाला बसवलं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, हे भांडण.

आणि आपल्या अंकाला किनार पाहिजे असा काहींचा हट्ट. काढू की! पण स्टेन्सिलवर बारीक वळणं ओढली की मेणकागद फाटतो, गोल तुकडा गळतो, शाई फासते. कमळाच्या पाकळ्या तिथं निभायच्या नाहीत. तरोटा निभंल. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयांनी ज्याचा पाला उकडून लेकरांना घातला, तोच तरोटा. साधं पान, वाकडी शेंग. अजून एकाही पुस्तकाच्या किनारीवर मला तो दिसलेला नाही.

मुखपृष्ठ रविवारी कापायचंय. येताना बांधावरची एक फांदी घेऊन या. वाळलेली असली तरी चालंल.