सासूबाईंचा मशेरीचा डबा



होळीतील माझ्या दवाखान्यात सातवा महिना लागलेली एक सून सासूबाईंसह आली होती. बाळाची वाढ अपेक्षेहून कमी दिसत होती. तंबाखूविषयी विचारताच सून म्हणाली, "छे डॉक्टर, मी फक्त आईंची मशेरी भाजून देते." सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "तीही लावते थोडी. माझ्याच डब्यातली."

बाळाची वाढ केवळ मशेरीनेच खुंटली, असे मी म्हणणार नाही. अशा वेळी कारणे अनेक असू शकतात. परंतु हे एक कारण घरातच होते आणि ते दूर करणे आपल्या हाती होते.

वार बाळाला सर्व विषांपासून राखते, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ होता. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे गर्भवतींच्या पोटात गेला. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारसा त्रास नसतानाही मेंदूला गंभीर इजा झालेली बाळे तेथे जन्मली. आईने पचवले म्हणजे बाळाने पचवले, असे नसते.

मशेरीचेही तसेच आहे. ती हिरड्यांवर लावली की निकोटीन रक्तात उतरते, वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते आणि वारेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. तंबाखूत कॅडमियम, शिसे यांसारखे धातूही असतात. भाजताना उठणारा धूर वेगळाच.

२००४ साली डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम किरकोळ वाटतील. परंतु जे बाळ अडीच किलोच्या उंबरठ्यावर आहे, त्याला तेवढी घटही जड जाते. कमी वजनाच्या बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढताना ते दमते आणि जंतुसंसर्ग त्याला लवकर गाठतो.

आजींनो, हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दात दुखतात, पोट साफ होत नाही, म्हणून तुमच्या पिढीच्या हाती कोणीतरी मशेरी दिली आणि पुढे तिचीच सवय जडली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे; घरच्या तव्याला मात्र कोणता कायदा अडवणार?

म्हणून एवढे करा. सुनेला दिवस गेल्याचे कळताच मशेरी भाजणे बंद करा आणि डबा घराबाहेर काढा. सुनेने सोडावी असे वाटत असेल, तर तुम्हीही तिच्याबरोबर सोडा. एकटीने सोडणे कठीण जाते. पहिले काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, शौचास त्रास होईल. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि फळे घ्या. दातांचे दुखणे दंतवैद्याला दाखवा. मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि बाळ हलके जन्मलेच, तर घाबरू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला आईच्या उघड्या छातीशी ठेवा, वारंवार अंगावर पाजू द्या. त्या काळात घरचे काम तुम्ही सांभाळलेत, तर आईला बाळ कुशीत घेऊन निवांत बसता येईल.