विक्रमवीर कुमारांच्या मैदानात

नावाजलेला फुटबॉलपटू निवृत्त झाला की त्याला बहुधा थेट मोठ्या संघाचं प्रशिक्षकपद हवं असतं. जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोझनं मात्र धाकट्यांपासून सुरुवात केली. २०१४च्या विश्वचषकात, ब्राझीलविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात विश्वचषकांतला आपला १६वा गोल करून त्यानं ब्राझीलच्याच रोनाल्डोचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. देशासाठी एकूण ७१ गोल केले. हा माणूस २०१८मध्ये बायर्न म्युनिकच्या १७ वर्षांखालील मुलांना शिकवायला उभा राहिला. मला हा निर्णय त्याच्या गोलांइतकाच मोलाचा वाटतो. क्लोझ पोलंडमध्ये जन्मला, लहानपणी जर्मनीत आला, सुतारकाम शिकला आणि विसाव्या वर्षापर्यंत खालच्या श्रेणीतल्या एका गावच्या संघातून खेळत राहिला. उशिरा उमलणाऱ्या मुलाला धीर कसा द्यायचा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. २००२च्या विश्वचषकात त्यानं केलेले पाचही गोल हेडरचे होते. अशी हुकमत मेहनतीनंच येते. त्याच्याकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. २०१२मध्ये लाझिओकडून नापोलीविरुद्ध खेळताना चेंडू त्याच्या हाताला लागून जाळ्यात गेला. पंचांनी गोल दिला, पण क्लोझनं स्वतःहून खरं सांगितलं आणि गोल रद्द झाला. प्रतिस्पर्ध्यांनी येऊन त्याच्याशी हात मिळवला. लाझिओ तो सामना ०-३ असा हरला. मुलांच्या संघाला प्रशिक्षक निवडताना गोलांची यादी जरूर पाहावी, पण त्याआधी असा प्रामाणिकपणा पाहावा.